झाक्रोच्या तळघरातला पाहुणा

चुबुक, चुबुक, चुबुक.

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. लाकडाच्या लांब डोणीत द्राक्षे भरली होती आणि कोणी तरी अनवाणी पायांनी ती तुडवत होते. घाई नव्हती. एक पाय, दुसरा पाय, परत पहिला. दोन्हींचा आवाज अगदी सारखा. मी तेव्हा बोटभर उंचीच्या काचेच्या बाटलीत होतो, बाटली लोकरीच्या जुन्या मोज्यात होती आणि मोजा तळघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात. अंधार होता, गारवा होता. मला वाटले, बरी जागा आहे. इथे राहता येईल.

मी कोण, ते सांगतो. मी एक विषाणू आहे. दचकू नका. माणसाशी माझे वैर नाही. माणसाच्या शरीरातल्या कुठल्याही दाराला माझी किल्ली लागत नाही. मी लागतो तो जिवाणूंना, आणि त्यांतल्याही एकाच जातीला. त्या जातीचा जिवाणू जखमेत बसला की पू हिरवा होतो. इकडचे लोक मला फेज म्हणतात, आणि माझे नाव घेताना आवाज खाली आणत नाहीत. औषधाच्या दुकानात जाऊन सरळ मागतात, 'जखमेवरचा फेज द्या.'

माझा जन्म कधीचा, ते मला सांगता येणार नाही. आठवण आहे ती नदीची. त्बिलिसी शहरातून मत्क्वारी नदी वाहते, आणि इस्पितळाचे सांडपाणी जिथे तिला मिळते तिथे मी होतो. एक दिवस एक बाई दोरीला बाटली बांधून तिथले पाणी काढायला आली. तिची टाच घसरली. ती चिखलात बसली, पण बाटलीचा हात वरच राहिला. "मी पडले तर पडले, घाण सांडली नाही," असे ती स्वतःशीच म्हणाली. ही गुलिको. पुढे माझे सगळे आयुष्य तिच्याच हातात गेले.

ती टेकडीवरच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे काचेच्या बशीत जिवाणू वाढवतात. त्यांची एक पातळ, गढूळ साय धरते. त्या सायीवर माझा थेंब टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे स्वच्छ गोल भोक पडलेले दिसते, जणू कोणी बोटाने पुसून काढले. गुलिको ती बशी उजेडाकडे धरायची आणि तोंडाने 'च्च' असा आवाज करायची. ती खूश झाली की असा आवाज करते.

भोक पडते म्हणजे काय होते, हे मी सांगायला हवे, कारण ते मीच करतो. किंवा खरे सांगायचे तर मी करत नाही.

माझे सगळे सामान म्हणजे एक डोके, एक शेपूट, आणि डोक्यात गुंडाळून ठेवलेला एक लांब धागा. मला कसे घडवायचे ते त्या धाग्यात लिहिलेले असते. पण ते वाचणारे डोळे माझ्याकडे नाहीत. घडवणारे हात नाहीत, चूल नाही, भांडे नाही. मी एकटा असलो तर नुसता असतो. धुळीचा कण असावा तसा.

जिवाणूच्या अंगातून एक बारीक दोर बाहेर लोंबत असतो. तो प्रथिनाचा असतो. मी तो धरतो. जिवाणू आपला दोर आत ओढून घेतो आणि त्याच्याबरोबर मी त्याच्या दाराशी पोचतो. मग शेपटीतून माझा धागा आत सोडतो. डोके रिकामे होऊन बाहेरच राहते. आत सगळी कामे त्याचीच माणसे करतात. माणसे म्हणजे त्याची प्रथिने. कोणी धागा वाचून नकला काढतो, कोणी नकलेवरून मणी ओवून माळ करतो, कोणी धाग्याचे टोक घट्ट धरून ठेवतो, काम चालू असताना सुटू देत नाही. आणि एक प्रथिन आहे रांजणासारखे. नव्याने ओवलेली माळ वेडीवाकडी असते. ती त्या रांजणात उतरते, वर झाकण बसते, आणि थोड्या वेळाने झाकण निघते तेव्हा ती नीट घडी बसून बाहेर येते. माझे डोके अशा घड्यांचेच बनते. तो रांजण मी कधी बरोबर आणला नाही. तो नेहमी समोरच्याच्या घरातला.

शिकलेले लोक त्या जिवाणूला माझा यजमान म्हणतात. पाहुणा म्हणून मी काही चांगला नाही, हे मी जाणतो. ज्याच्या घरी उतरतो त्याचे घर फोडूनच माझी पोरे बाहेर पडतात. मला दुसरी रीत ठाऊक नाही.

प्रयोगशाळेत माझे दिवस बरे चालले होते. मग तो मोठा देश मोडला, ज्याचे हे शहर होते, आणि वीज जायला लागली. आधी संध्याकाळी, मग दिवसभर, मग ती कधी येते हेच लोकांच्या लक्षात राहीना. फ्रिज मुके झाले. लोक खिडकीच्या फटीत कापड कोंबून, अंगावर कोट घालून कामावर बसायचे. प्रत्येकाने आपापल्या परीने काही ना काही घरी नेले. कोणी गच्चीत ठेवले, कोणी विहिरीत सोडले.

गुलिकोला सासरच्या तळघराची आठवण झाली. तिचा नवरा वारला होता, पण सासऱ्याशी तिचे नाते सुटले नव्हते. सासरा, झाक्रो, काखेती या द्राक्षांच्या मुलखातल्या एका गावात द्राक्षांचा मळा करून राहायचा. तिकडे वाइन लाकडाच्या पिंपात ठेवत नाहीत. मातीचे मोठमोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, त्यांत रस ओततात, वर झाकण ठेवून चिकणमातीने लिंपून टाकतात. तळघर उन्हाळ्यातही थंड राहते.

गुलिको मला बसने घेऊन निघाली. टोपलीत माझी बाटली होती, आणि शेजारी माझ्या यजमानाची नळी, कापसाचे बूच लावलेली. ती नळी ती तळघरात ठेवणार नव्हती, कारण जिवाणूला ऊब लागते. ती शालीत गुंडाळून अंगाशी धरायची आणि जाईल तिथे बरोबर न्यायची. पण त्या दिवशी बसमध्ये गर्दी होती, मांडीवर कोणाचे तरी कोंबडे होते, म्हणून नळीही टोपलीत गेली. रस्ता खड्ड्यांचा. माझ्या बाटलीचे बूच हलले आणि माझा एक थेंब शेजारच्या कापसात मुरला. मी बाटलीत राहिलो. थेंबात माझे भाऊ गेले. त्यांचे काय झाले ते मला तेव्हा कळले नाही.

झाक्रोने मोजा हातात घेऊन वजन करून पाहिले.

"यात आहे तरी काय?"

"औषध आहे, बाबा. जिवंत आहे."

"जिवंत आहे, मग खातं काय?"

"इथे काही खाणार नाही. नुसतं राहील."

"पीत पण नाही?"

"नाही."

"असला पाहुणा या घरात पहिलाच," झाक्रो म्हणाला, आणि मला कोनाड्यात ठेवून द्राक्षांच्या डोणीत जाऊन उभा राहिला. तोच तो आवाज.

गावात पंगत बसली की प्याला उचलून बोलण्याचा मान झाक्रोचा. मेलेल्यांसाठी, जन्मलेल्यांसाठी, पावसासाठी, शेजाऱ्याच्या गाढवासाठी, तो कशासाठीही बोलू शकायचा. बोलल्याशिवाय तो टेबलावरून उठलाय असे कोणी पाहिले नव्हते. दर वर्षी रांजणाचे झाकण फोडले की तो भांडे बुडवून वर काढायचा आणि कोनाड्याकडे वळायचा. "आणि हा त्या मोज्यातल्यासाठी. पीत नाही, बोलत नाही, भाडं देत नाही, तरी घरचाच आहे." मग एक घोट माझ्या वाटचाही प्यायचा.

इकडे लोकांना मायेने बोलताना वाक्याच्या शेवटी 'तुझं दुखणं मला' असे म्हणायची सवय आहे. मीठ मागतानाही म्हणतात. झाक्रो ते मलाही म्हणायचा. आयुष्यात तेवढ्या प्रेमाने माझ्याशी कोणी बोलले नाही.

वर्षे गेली. शहरात वीज परतली आणि टिकली. टेकडीवरची माझी भावंडे मात्र एका उन्हाळ्यात बंद फ्रिजमध्ये नासून गेली होती. म्हणून द्राक्षतोडीच्या दिवसांत गुलिको मला परत न्यायला आली. आता तिच्या केसांत पांढरे आले होते. मोजाही झिजला होता.

झाक्रो डोणीत नव्हता. बाकावर बसला होता, पायाला फडके बांधून. वेलींना आधाराला टोकदार मेखा रोवतात, त्यातली एक त्याच्या पायात घुसली होती. शेजारची पोरे द्राक्षे तुडवत होती आणि तो त्यांना शिव्या घालत होता.

"टाच नको रे, बी फुटतं. कुत्र्यासारखं काय नाचताय."

गुलिकोने त्याच्या कपाळाला हात लावला. "अंग गरम आहे, बाबा."

"चूल पेटलीये घरात."

"आणि वास कसला येतोय? द्राक्षांचा."

"द्राक्षतोडीत काखेतीत आणखी कसला वास यावा, पोरी? अत्तराचा?"

तीही हसली. ते घर, ते अंगण, ते कपडे, सगळे गोड आंबूस वासाने भरलेले होते. त्यात आणखी एक द्राक्षासारखा वास कोणाला वेगळा काढता येणार? पण ताप उतरेना, म्हणून ती त्याला डॉक्टरकडे दाखवायला बरोबर घेऊन निघाली.

बसमध्ये पुढच्या बाकावरची एक बाई वळून म्हणाली, "ताई, टोपलीत द्राक्षं कुठल्या मळ्याची? मघापासून तोंडाला पाणी सुटलंय."

गुलिकोने टोपलीत पाहिले. पाव होता, चीज होते, आणि मोज्यात मी. मग तिने वाकून झाक्रोच्या पायाजवळ नाक नेले. मी टोपलीतून तिचा चेहरा पाहिला. ज्या जिवाणूवर मी जगतो त्याला वाढताना द्राक्षांसारखा वास येतो. आयुष्यभर बशीवर तिने तो घेतला होता, आणि तळघरात तिला तो ओळखता आला नव्हता.

"काय झालं?" झाक्रोने विचारले.

"काही नाही. उतरलो की आधी इस्पितळात जाऊ."

फडके सोडले तेव्हा पू हिरवा होता. इंजेक्शने झाली, गोळ्या झाल्या. हिरवेपणा पायाच्या वर सरकत राहिला. शस्त्रक्रियेचे डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी बोट घोट्याच्या वर ठेवून दाखवले. "इथून. या आठवड्यात ठरवायला लागेल. पुढच्या आठवड्यात बोट आणखी वर ठेवावं लागेल."

झाक्रो म्हणाला, "डॉक्टर, एका पायाचा माणूस द्राक्षं तुडवायला लागला तर डोणीत गोल गोल फिरेल."

डॉक्टर हसले नाहीत. झाक्रोही मग हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गुलिको मला घेऊन टेकडीवर गेली. तिथे बातोनो जुंबेर होते. बातोनो म्हणजे साहेब म्हणावे तसे. शांत माणूस, कानात केस, खिशात नेहमी अक्रोड. दोघांनी माझी बाटली उघडली. कित्येक वर्षांनी माझे बूच निघाले. गुलिकोने प्रयोगशाळेतल्या जुन्या यजमानाची साय बशीत धरली. शालीत गुंडाळून तिने त्या अंधारात जगवला होता तोच. आणि तिने माझा थेंब टाकला.

मी दोर धरला. दाराशी गेलो. धागा आत सोडला. सगळे ओळखीचे होते. वाचणारा वाचत होता, ओवणारे ओवत होते, टोक धरणाऱ्याने टोक धरले होते. माळा तयार होऊन रांजणाकडे निघाल्या. आणि तिथे अडल्या. रांजण होता, पण त्याचा काठ कुठे तरी वाकडा होता. यजमानाच्या स्वतःच्या माळा त्यात कशाबशा बसत होत्या. माझी माळ काही केल्या बसत नव्हती. शेपट्या झाल्या, त्यांना रांजण लागत नाही. पण डोकी झाली नाहीत. सगळ्या माळांचा एक गोळा होऊन पडला. त्या घरातून माझे एकही पोर बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी साय सलग होती. भोक नव्हते. गुलिकोने बशी फिरवून फिरवून पाहिली. नवा थेंब, नवी बशी. परत तेच.

"मेलाय," बातोनो जुंबेर म्हणाले. त्यांनी ते हळू म्हटले. "तळघरात इतके उन्हाळे. त्याचा काय दोष."

"दुसरा शोधू?"

"शोधू. नदीवर जा, मीही येतो. पण आठवड्यात मिळेल असं मी म्हणणार नाही."

माझी बाटली उकळायच्या भांड्यांच्या ट्रेमध्ये गेली. उकळले की मी संपतो. मला ओरडून सांगता आले असते तर सांगितले असते की मी मेलो नाही, मला दुसऱ्या दारात उभे करा. पण मला तोंड नाही. ज्याला स्वतःचे हात नसतात त्याला वाट पाहावी लागते.

इस्पितळात जाऊन गुलिकोने झाक्रोला सगळे खरे सांगितले. तिला खोटे जमत नाही. हे बोलणे मी ऐकले नाही. पण पुढे ते दोघे आपापल्या तोंडाने इतक्यांदा सांगत बसले, की मला ते तिथे असल्यासारखे आठवते.

"तुमचा पाहुणा गेला, बाबा."

"कोण, मोज्यातला? कधी?"

"तळघरातच गेला असेल. मला कळलं नाही. माझं चुकलं. आणि वास पण मला—" ती रडायला लागली. "तुमचं दुखणं मला."

झाक्रोने भिंतीकडचे तोंड वळवले. "तू कशाला घेतेस? तुला दोन्ही पाय लागतात. माझं दुखणं त्या मोज्यातल्याला दे. इतकी वर्षं त्याच्या वाटची मी प्यायलोय, त्यानं माझ्या वाटचं काही घेऊ नये?"

"तो मेलाय, बाबा."

"मेला म्हणून काय झालं. घरातला माणूस मेला तरी त्याला एकदा सगळ्यांना भेटवून मग नेतात. तुम्ही त्याला तसाच चुलीवर ठेवणार? मला न भेटवता?"

तो थट्टा करत होता, आणि करतही नव्हता. गुलिकोला ते नाकारता आले नाही. म्हाताऱ्याचा शब्द मोडून त्याच्या पायाबरोबर हीही गोष्ट त्याच्याकडून काढून घ्यावी, हे तिच्याने झाले नाही. तिने जखमेला कापसाचा बोळा लावला, तो नळीत घातला आणि टेकडीवर परत आली. ट्रे अजून चुलीवर चढला नव्हता, कारण बातोनो जुंबेर नदीवरून ओले होऊन आले होते आणि आधी चहाचे पाणी ठेवले होते. माझा जीव त्या चहाने वाचवला.

"आता काय करतेस?" त्यांनी विचारले.

"बाबांना भेटवते."

त्यांनी एक अक्रोड फोडून अर्धा तिच्यापुढे ठेवला.

झाक्रोच्या पायातल्या जिवाणूची साय धरली. तिच्यावर माझा थेंब पडला.

मी दोर धरला. तो जोरात आत ओढला गेला. हा तगडा गडी होता, इस्पितळातली सगळी औषधे पचवून बसलेला. आत वाचणारा, ओवणारा, टोक धरणारा. आणि रांजण. सरळ, गोल काठाचा, झाकणासकट. माझी पहिली माळ त्यात उतरली, झाकण बसले, झाकण निघाले. डोके झाले. मग डोक्यांमागून डोकी. शेपट्या येऊन जुळल्या. घर फुटले आणि मी शेजारच्या घराकडे निघालो.

सकाळी गुलिकोने बशी उजेडाकडे धरली. बराच वेळ तशीच धरून राहिली. मग मला तो आवाज ऐकू आला. च्च.

बातोनो जुंबेर धावत आले नाहीत, ते कधीच धावत नाहीत. त्यांनी दोन्ही बशा शेजारी ठेवल्या, जुनी आणि नवी. एकीत सलग साय, दुसरीत स्वच्छ भोक. बाटली तीच.

"गुलिको," ते म्हणाले, "हा मेला नव्हता. आपला यजमान बिघडलाय."

"कसा बिघडेल? मी स्वतः अंगाशी धरून जगवलाय तो."

"कधी तो एकदम साफ झाला होता का? नळीतलं गढूळ जाऊन पाणी दिसायला लागलं, असं?"

ती आठवू लागली. मग खुर्चीवर बसली. "त्या पहिल्या वर्षी. काखेतीहून परत येताना कापूस ओला होता. दोन दिवसांत नळी साफ झाली. मी रडले होते. मग पुन्हा गढूळ झाली आणि मला वाटलं, वाचला बिचारा."

"वाचलेच ते. याचा थेंब आत गेला, बाकी सगळे फुटले. ज्यांच्या घरात याचं काम होतच नव्हतं तेवढे उरले. आपण नेमके ते सांभाळले."

"मी सांभाळले."

"आणि मी त्यांच्यावर इतकी वर्षं दुसरी कामं केली. मीही विचारलं नाही, हे कसे काय वाचले." ते हसायला लागले, मग तीही. डोळे पुसत पुसत हसत होती. पुढे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी त्या जुन्या यजमानाचे पोट पाहिले. आत शेपट्याच शेपट्या होत्या आणि डोके एकही नाही. बातोनो जुंबेर म्हणाले, "एखाद्या कचेरीसारखं दिसतंय." पण ते नंतरचे.

त्या दिवशी मात्र कोणाला वेळ नव्हता. झाक्रोच्याच जिवाणूवर मला वाढवले, गाळले, पुन्हा गाळले, पिवळसर पाण्यासारखा स्वच्छ केला. मोज्याबाहेर पडून मी कापडाच्या घडीवरून थेंबाथेंबाने त्याच्या जखमेत गेलो. इतक्या वर्षांचा शेजार, पण त्याला मी आतून पहिल्यांदाच पाहिले. त्याच्या पेशींना मी हातही लावला नाही. लावता येतच नाही.

डॉक्टरांनी ठरवायचा दिवस चार दिवसांनी पुढे ढकलला. मग आणखी ढकलला. हिरवा पू पिवळा झाला, मग नुसते पाणी येऊ लागले, मग कडेने लालसर मांस दिसले. झाक्रो रोज सकाळी येईल त्या नर्सला म्हणायचा, "पोरी, माझ्या पायाचा वास घेऊन सांग, यंदाची वाइन कशी होईल." नर्स नाक मुरडायच्या. एक दिवस डॉक्टर स्वतःच वाकले, खोल श्वास घेतला आणि सरळ उभे राहिले.

"आता नुसता पायाचा वास येतोय," ते म्हणाले.

"माझ्याच?"

"तुमच्याच. फार वाईट आहे."

गुलिको दाराशी उभी होती. ती भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटले. गेले कितीतरी दिवस तिचे खांदे कानांपर्यंत चढून बसले होते. ते खाली उतरताना मी पाहिले.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मात्र गेले. ती आधीच काळी पडली होती, माझ्या हातात नव्हती. पाय राहिला. जखमेतला यजमान संपला तसा मीही तिथून संपलो. खायला कोणी उरले नाही, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. बाटलीत मी होतोच.

आज मी पुन्हा कोनाड्यात आहे. टेकडीवर माझ्या भरपूर बाटल्या आहेत, फ्रिज चालतो, यजमानही नवा आणि धडधाकट आहे. पण एक बाटली तळघरात राहू द्यायची, असा झाक्रोने हट्ट धरला. बातोनो जुंबेर म्हणाले, ठीक आहे, आणि यजमानाची एक नळीही गोठवून गावात ठेवू, पण याच्यापासून लांब, दुसऱ्याच्या घरी.

"माझ्या घरात पाहुणा आणि यजमान एका टेबलाला बसू शकत नाहीत?" झाक्रो म्हणाला. "लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही." शेवटी नळी शेजारणीच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गेली. तिला सांगितले आहे की ते दह्याचे विरजण नाही.

मोजा नवा आहे. गुलिकोने विणला.

मी म्हातारा झालो असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्याचे वय कसे मोजायचे, ते मला कळत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यात घडलो, दुसऱ्याच्या हातांनी वाढलो, दुसऱ्याच्या तळघरात राहिलो. माझे असे काही नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही. एकच मागणे आहे. मला कधी कोणी टाकून द्यायला निघालेच, तर आधी एवढे पाहा, की मला कुणाच्या दारात उभे केले होते.

परवा नवी द्राक्षे आली. मी कान लावून होतो. आधी पोरांचे पाय पडले, धसमुसळे. मग झाक्रोने सगळ्यांना बाहेर काढले. थोडा वेळ नुसते पाणी ओतल्याचा आवाज. तो पाय धूत होता. मग सुरू झाले.

चुबुक, चुप. चुबुक, चुप.

एक पाय पूर्वीसारखा, दुसरा थोडा हलका आणि तिरका. पण दोन.

अंगणात पंगत बसली. मांस भाजल्याचा वास खालपर्यंत आला. कोणी तरी हाक मारली, "झाक्रो, ये की, प्याले भरून ठेवलेत. तू बोलल्याशिवाय कोणाला घास उतरत नाही." आणि गुलिकोचा आवाज, "येतील हो, बाबा खाली गेलेत."

तो खाली आला होता. पाय अजून रसाने लाल होते. त्याने एका जुन्या रांजणाची माती फोडली, झाकण सरकवले, भांडे बुडवून वर काढले आणि नेहमीसारखा कोनाड्याकडे वळला. मी वाट पाहत राहिलो. भांडे त्याने छातीपर्यंत उचलले. ओठ हलले, पण दर वर्षीचे बोलणे आले नाही. मग त्याने दोन घोट घेतले, एक त्याचा आणि एक माझा. रिकामा हात मोज्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभा राहिला.

मग वळला आणि काही न बोलता दगडी पायऱ्या चढून गेला. एक पाय जड, एक पाय हलका.